मी गोड करून सांगितलं

कोरियात उतरून पुरते दोन तास झाले नव्हते आणि तीन अनोळखी माणसांनी मला वय विचारलं होतं. नाव एकानंही विचारलं नव्हतं. विमानतळावर घ्यायला आलेला विद्यार्थी, वसतिगृहाच्या दारावरची बाई आणि खोलीत आधीपासून राहणारी मुलगी, तिघांचाही पहिला प्रश्न एकच. कितव्या सालचा जन्म?

मी पांढुर्ण्याची. आमच्याकडे मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा आधी चहा पितात, मग हळूच वयाचं काढतात. म्हटलं, कागदपत्रांत काही घोळ झाला बापा, आता परत पाठवतात वाटतं. खोलीतली मुलगी माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी निघाली. तिनं समाधानानं मान हलवली, खिडकीजवळचा पलंग स्वतःकडे घेतला आणि मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं की आजपासून मी तिला ताई म्हणायचं आणि ती मला 'अगं-तुगं' करणार. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. एका वर्षाचा एवढा रुबाब!

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "तुमच्या नोकरीतले गमतीचे अनुभव लिहा, लोकांना कोरियन लोकांबद्दल फार कुतूहल आहे." गमतीचे अनुभव आहेत, सांगते. पण एक अनुभव गमतीचा नाही. तो वगळून लिहिलं तर जे पाप मी अकरा वर्षं करत आले तेच पुन्हा केल्यासारखं होईल. म्हणून तोही लिहिते आहे. संपादकांना छापायचा तर छापतील.

माझं काम दुभाष्याचं. सौंसरजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एका कोरियन कंपनीचा कारखाना होता, तिथं मी नोकरीला होते. वरचे साहेब कोरियन, खालची सगळी माणसं सौंसर-पांढुर्ण्याकडची. एक बोलतो ते दुसऱ्याला कळत नाही, मध्ये मी. ऐकायला सोपं वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

मी या भाषेत पडले तेही अपघातानंच. बाबा पांढुर्ण्याला शाळेत शिक्षक. मी नागपूरला एम.ए. करत असताना एका शिष्यवृत्तीची जाहिरात पाहिली, अर्ज टाकला आणि ती मिळाली. आज कॉलेजातल्या पोरी कोरियन मालिका बघून माझ्याकडे शिकायला येतात, अभ्यासाच्या आधीच चार शब्द फाडफाड बोलतात. तेव्हा आमच्या गल्लीत कोरिया नेमका कुठल्या दिशेला आहे यावर दोन दिवस वाद चालला होता. आई म्हणाली, "जाय, पण जेवण नाही आवडलं तं वापस ये." बाबांनी नकाशा काढून दाखवला.

आमच्या घरी आईला 'तू' आणि बाबांनाही 'तू'. आपल्याकडच्या नागपुरी-वऱ्हाडी बोलणाऱ्या बहुतेक घरांत असंच असतं. जीव आहे म्हणून 'तू'. आमचं गाव मध्य प्रदेशात म्हणून शाळा हिंदीत, तिथं गुरुजींना 'आप'. एवढ्या शिदोरीवर मी गेले त्या देशात, जिथं मोठ्या माणसाला 'तू'ही चालत नाही आणि 'तुम्ही'ही चालत नाही. त्याला त्याच्या नात्यानं हाक मारायची, नाहीतर पदानं, आणि पुढं 'निम' जोडायचं. हे 'निम' म्हणजे आपलं 'जी'. आमच्या कारखान्यातल्या फोरमनना आपण शेषरावजी म्हणतो, ते फोरमनजी म्हणतात. नाव घ्यायचंच नाही. मी एका साहेबांबरोबर बारा वर्षं काम केलं आणि त्यांचं नाव एकदाही माझ्या तोंडातून निघालं नाही.

हे मला शिकवलं कोणी? कोणी नाही. मी ठेचा खाल्ल्या. वर्गात आमच्या साठीच्या बाईंनी फळ्यावर चुकीची तारीख लिहिली. मी उत्साहानं हात वर केला आणि पुस्तकात 'तुम्ही' म्हणून दिलेला शब्द वापरून सांगितलं, तुम्ही चूक लिहिलं. वर्ग असा गार पडला की मला वाटलं भूकंप झाला आणि तो फक्त मलाच कळला नाही. बाई शांतपणे तारीख पुसून खाली बसल्या. वसतिगृहात परतल्यावर मी खोलीतल्या ताईला घडलं ते सांगितलं, तेव्हा तिनं समजावलं. तो शब्द म्हणे नवरा-बायको आपसांत वापरतात, नाहीतर रस्त्यात भांडणारी माणसं! मला रडूच कोसळलं. मी बाईंचा अपमान केला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या ताईनं मग मला धडे दिले. मोठ्या माणसाला 'नाही' म्हणायचं नाही, 'जरा अवघड दिसतं' म्हणायचं. 'चूक' म्हणायचं नाही, 'माझ्या समजण्यात काही राहिलं असेल' म्हणायचं. काही हवं असेल तर आधी हवापाणी, मग त्यांची तब्येत, मग आडवळणानं मागणी, आणि शेवटी आपणच माफी मागायची. मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि आरशासमोर उभी राहून पाठ केलं. मी हट्टी आहे. दोन वर्षांनी त्याच बाई मला म्हणाल्या, "तुझं बोलणं चांगल्या घरच्या मुलीसारखं झालं आहे." त्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं, चार पानी.

एक ठेच मात्र वेगळी होती. दुसऱ्या वर्षी मी एका बाईंच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले. दारावरच्या टपालपेटीवर त्यांचं नाव होतं. मी ते नीट वाचून, पुढं 'जी' लावून, मोठ्या प्रेमानं हाक मारली. बाईंच्या हातातली पळी खाली पडली. मी म्हटलं, झालं, पुन्हा काहीतरी केलं मी. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला या नावानं कोणी हाक मारून वीस वर्षं झाली असतील." त्या देशात लग्न झालेल्या बाईला अमक्याची आई म्हणतात. म्हटलं, आमच्या पांढुर्ण्यातही हेच तर आहे, गुड्डूची माय, पिंकीची माय. माझ्या आईचं नाव गल्लीत किती जणींना माहीत असेल? बाई रागावल्या नाहीत. पण नंतर मी त्यांना 'आजुम्मा', म्हणजे मावशी म्हणू लागले. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

परत आले ती डोक्यात हे सगळं घेऊनच. सौंसरजवळ कारखाना सुरू झाला आणि त्यांना स्थानिक दुभाषी हवी होती. मुलाखतीत कोरियन साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, वय किती. मी हसले. ते चकित झाले.

कारखान्याचे प्रमुख, आमच्या भाषेत मोठे साहेब, तेव्हा चाळिशीच्या मध्यावर होते. कडक, वक्तशीर, तोंडावर कधी हसू नाही. आणि प्रेस शॉपचे, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या विभागाचे, फोरमन शेषरावजी. सावरगावचे, म्हणजे जाम नदीच्या पलीकडचे, पांढुर्ण्याला लागूनच. त्यांना मशीनचा आवाज ऐकून सांगता यायचं कुठं बिघडलं ते. ते बाबांचे विद्यार्थी, म्हणून मला 'मॅडम' म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही. ते मला 'पोरी' म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी मला विचारलं, फोरमनचं वय काय. मी सांगितलं, तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. दुसऱ्या दिवसापासून साहेब शेषरावजींकडून कागद दोन्ही हातांनी घेऊ लागले, किंचित वाकून. सगळं शॉप अवाक. एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, साहेब दोन्ही हातानं घेऊन राहिला ना! शेषरावजीनं जादूटोणा केला काय?" शेषरावजींना मात्र ते फार बरं वाटलं. ते हातातलं काळं ग्रीस पुसून मगच कागद द्यायला लागले.

जामसांवलीच्या हनुमानाला साहेबांना घेऊन गेलो होतो तो प्रसंग तर आमच्या कारखान्यात वर्षानुवर्षं सांगितला गेला. देवळात शिरताना साहेबांनी मला हळूच विचारलं, पुजाऱ्यांचं वय काय. सत्तर. साहेब कमरेतून वाकले. मग आतल्या मूर्तीकडे बघून त्यांनी तितक्याच गंभीरपणे विचारलं, "आणि यांचं?" मी काय सांगणार! मी मराठीत पुजारीबुवांना विचारलं. ते म्हणाले, "चिरंजीव आहे ना माय तो, त्याले वय कुठून येईन?" मी साहेबांना म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठे आहेत. साहेबांनी साष्टांग नमस्कार घातला. नवी पँट मळली, पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. परतताना त्यांनी सगळ्यांना संत्र्याचा रस पाजला.

आता माझ्या हातखंड्याबद्दल सांगते. कारखान्यात रोज सकाळी उभ्या उभ्या मीटिंग व्हायची. शेषरावजी तावात येऊन म्हणायचे, "या माणसाले अक्कल आहे का? काल एक सांगते, आज एक सांगते." मी साहेबांना सांगायचे, कालच्या आणि आजच्या सूचनांबद्दल फोरमनना आणखी मार्गदर्शन मिळालं तर त्यांना मदत होईल. साहेब म्हणायचे, या म्हाताऱ्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मी शेषरावजींना सांगायचे, तुमच्या अनुभवावर भरवसा आहे म्हणतात, फक्त एकदा पुन्हा पाहून घ्या. दोघंही खूश. शेषरावजी म्हणायचे, "माणूस बरा आहे व पोरी, फक्त तोंड वाकडं."

अकरा वर्षांत आमच्याकडे एकही भांडण झालं नाही. दुसऱ्या कोरियन कारखान्यांतले दुभाषे फोन करून विचारायचे, तुमच्याकडं एवढी शांतता कशी? मी फुशारकीनं सांगायचे, बोलण्यातला काटा काढून मग पुढं द्यायचा. मी याला कौशल्य समजत होते. कोरियात दोन वर्षं आरशासमोर घोटलेलं ते, आणि सौंसरला मला त्याचा पगार मिळत होता.

आता तीन नंबरचं प्रेस.

प्रेस म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. खाली पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून जड साचा खाली येतो, पत्र्याला आकार मिळतो, साचा वर जातो. मग हात आत घालून तुकडा काढायचा. दोन बटणं एवढ्यासाठी की साचा खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. तीन नंबरच्या प्रेसला खोड लागली होती. दिवसातून एखाद वेळेला, एकदाच दाबलं तरी ते दोनदा खाली यायचं. दुसऱ्यांदा आपोआप, आणि नेमकं माणसाचा हात आत जायच्या वेळी.

सोमवारच्या मीटिंगमध्ये शेषरावजी म्हणाले, "तीन नंबर दोनदा खाली येऊन राहिलं. बंद करा लागते." मी सांगितलं, तीन नंबरमध्ये थोडी अनियमितता जाणवते, असं फोरमनना वाटतं. साहेबांनी वहीत टिपलं. बुधवारी शेषरावजी पुन्हा म्हणाले आणि मी पुन्हा तसंच सांगितलं. त्या आठवड्यात माल पाठवायची घाई होती, साहेबांचा आवाज आधीच चढलेला होता. मला वाटलं, आत्ता जोरात सांगितलं तर ते उखडतील आणि मग ऐकणारच नाहीत.

गुरुवारी शेषरावजी माझ्या जवळ येऊन उभे राहिले. "पोरी, आज सरळ सांग याले. मशीन आजच्या आज बंद कर म्हणा. नाहीतं कोणाचा तरी हात जाईन. अस्संच सांग."

अस्संच सांग, असं ते स्पष्ट म्हणाले होते. माझ्या कानांत तो शब्द आजही आहे.

आणि मी काय सांगितलं? मी म्हटलं, इतक्या घाईच्या दिवसांत त्रास देताना संकोच वाटतो, पण तीन नंबरची सवडीनं तपासणी झाली तर फोरमनना निश्चिंत वाटेल. सुंदर वाक्य होतं. आमच्या बाईंनी ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती. साहेब म्हणाले, रविवारी देखभालीत बघू. शेषरावजींनी विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "लवकरच पाहतो म्हणाले."

शनिवारी सकाळी चहाच्या सुट्टीनंतर मी ऑफिसात बसले होते. कारखान्यात दिवसभर धाड धाड आवाज असतो, पुढं पुढं तो ऐकूच येत नाही. तो थांबला तेव्हा ऐकू आलं. एकेक मशीन बंद होत गेलं. मी धावत गेले. तीन नंबरसमोर दिनेश जमिनीवर बसला होता. तीस-एकतीस वर्षांचा, सौंसरजवळच्या एका गावचा, कारखान्यातल्या गणपतीत ढोल वाजवणारा दिनेश. त्याचा उजवा हात कापडात गुंडाळलेला होता आणि कापड लाल झालेलं. तो ओरडत नव्हता. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "मॅडम, माही बोटं कुठी आहेत?"

तीन बोटं गेली. नागपूरला नेलं, डॉक्टरांना ती जोडता आली नाहीत.

तिसऱ्या दिवशी कोरियाहून डायरेक्टर आले. चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला ते आणि मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला शेषरावजी, टोकाला मी. डायरेक्टरनी विचारलं, मशीन बिघडल्याचं कोणाला माहीत होतं का? शेषरावजी म्हणाले, "मी तीनदा सांगितलं. आजच्या आज बंद करा म्हणलं." मी तेवढं बरोबर सांगितलं. साहेब म्हणाले, बोलले होते, पण अगदी सहज. हवापाण्याबद्दल बोलावं तसं. एवढं गंभीर असतं तर फोरमननी तसं म्हटलं असतं. त्यांनी वही उघडली आणि गुरुवारची नोंद वाचून दाखवली. सवडीनं तपासणी झाली तर निश्चिंत वाटेल.

माझं वाक्य. शब्दन् शब्द माझा. मला असं वाटलं की खोलीतल्या सगळ्यांना आता कळणार. पण कळणार कसं? दोन्ही भाषा येणारी खोलीत मी एकटीच होते.

शेषरावजींनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणून राहिला?"

आणि मी, लिहितानाही लाज वाटते, मी म्हटलं, "साहेब म्हणतात, त्यांच्या तेवढं लक्षात आलं नाही."

मशीन स्वतः बंद केलं नाही म्हणून जबाबदारी फोरमनवर टाकायची आणि त्यांना कामावरून काढायचं, असं ठरायला लागलं. त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. नोकरी जाणं एक. त्याहून वाईट म्हणजे दिनेशच्या गावात बोलणं सुरू झालं की शेषरावला मशीनचं माहीत होतं, त्यानं साहेबाची मर्जी राखायला तोंड शिवून ठेवलं. ज्या माणसानं तीनदा सांगितलं त्याच्याबद्दल हे! दिनेशच्या भावानं बसस्टँडवर त्यांना गाठून सगळ्यांसमोर विचारलं, "माह्या भावाची बोटं तुमच्या पगारापेक्षा स्वस्त होती काय?" शेषरावजी मान खाली घालून बसमध्ये चढले म्हणे. पंचवीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

दोन दिवस मी गप्प राहिले. दोन दिवस! घरी कोणाशी बोलले नाही, जेवण गेलं नाही. मला भीती वाटत होती, नोकरीची होती आणि त्याहून जास्त माझ्या नावाची होती. अकरा वर्षं सगळे मला 'फार छान बोलते' म्हणत आले होते. ते सगळं एका मिनिटात मातीत जाणार होतं. मी स्वतःला सांगत होते की शेषरावजींचं वय झालंच आहे, त्यांना चांगली रक्कम देऊन सोडतील. किती नीच विचार होता तो.

तिसऱ्या दिवशी सकाळी डायरेक्टर परत निघायचे होते. मी मीटिंगच्या खोलीत गेले. साहेबही होते. मी उभी राहिले आणि बोलायला लागले. हवापाणी नाही, तब्येत नाही, माफीची सुरुवात नाही. कोरियनमध्ये मी कधी वरिष्ठांशी बोलले नव्हते इतकं उघडं बोलले. म्हटलं, फोरमननी तीनदा सांगितलं. गुरुवारी ते म्हणाले, मशीन आजच्या आज बंद करा, नाहीतर कोणाचा तरी हात जाईल. तेच शब्द सांगायला त्यांनी मला बजावलं होतं. मी शब्द बदलले. तुमच्या वहीत लिहिलेलं वाक्य त्यांचं नाही, माझं आहे.

डायरेक्टर डोळे मिटून बसले. मोठ्या साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं ते ओरडतील. मी ओरडा खायची तयारी करून गेले होते. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. त्यांनी विचारलं, "अकरा वर्षांत आणखी काय काय बदललं?"

मला खरंच आठवत नव्हतं. हजारो वाक्यं. या दोन माणसांमधली ती सगळी मैत्री, तो दोन्ही हातांनी घेतलेला कागद सोडला तर, मी रचलेली होती. साहेबांनी वही मिटून टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "म्हणजे मी त्यांना ओळखतच नाही."

शेषरावजींना परत बोलावलं गेलं. डायरेक्टरनी स्वतः पत्र लिहिलं, त्यात त्यांनी तीनदा सूचना दिल्याचं स्पष्ट नमूद केलं. मी ते मराठीत केलं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता, आणि दिनेशच्या गावात नेऊन त्याच्या भावाला वाचून दाखवलं. भाऊ ऐकून घेऊन आत निघून गेला. मला काढलं नाही. पण त्यानंतर साहेब माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याला थांबायचे आणि म्हणायचे, "जसंच्या तसं." वर्षभर मी ते ऐकलं, मग राजीनामा दिला. आता पांढुर्ण्यात पोरींना कोरियन शिकवते. आदराची रूपं शिकवते, ती आवश्यकच आहेत. पण पहिल्याच तासाला हे सगळं सांगते आणि पोरी घाबरून जातात.

शेषरावजींकडं मात्र मी डायरेक्टरसमोर कबुली दिली त्याच दिवशी संध्याकाळी गेले होते. पूल ओलांडून सावरगावला, पायी. ते अंगणात खाटेवर बसले होते. त्यांना वाटलं, साहेबानं पाठवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, मी काय सांगितलं, चौकशीत काय सांगितलं, सगळं. मला वाटलं होतं ते शिव्या देतील. त्यांनी शिव्या द्याव्यात अशी माझी इच्छा होती.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कोण हे त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या बायकोनं पाण्याचा गिलास आणून माझ्या हातात दिला आणि ती दारातच थांबली.

"गुरुवारी मी मीटिंगहून थेट तीन नंबरपाशी गेलो होतो," शेषरावजी म्हणाले. "मेन स्विच पाडायले. साहेबाचा हुकूम नसला तरी पाडणार होतो, काय व्हायचं ते होऊ दे म्हणलं. हात ठेवला होता स्विचवर."

"मग?" मी विचारलं.

"मग काढून घेतला. तू सांगून राहिली होती तवा साहेब मान हलवून राहिला होता, अन् तू हसून राहिली होती. मले वाटलं, पोरीनं बरोबर समजावलं, आता काम झालं." त्यांनी खाटेवरचा स्वतःचा हात उचलून पुन्हा खाली ठेवला. "मले त्यायची भाषा थोडीच येते व माय? मी तं तुह्या तोंडाकडंच पाहत होतो."